विद्यापीठाने हदगावला यावे

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली स्थापन झाले, ते नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीच्या मुलांना उच्च शिक्षण हाकेच्या अंतरावर मिळावे म्हणून. संलग्न महाविद्यालयांमुळे वर्ग तालुक्यांपर्यंत पोचलेही. पण मोठे ग्रंथालय, परीक्षा विभाग, विद्यार्थी विकासाची कार्यालये नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या परिसरातच एकवटली. गुणपत्रिकेतल्या नावाची वेलांटी चुकली आणि काम विष्णुपुरीला गेल्याशिवाय होणार नसेल, तर हदगावच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याचा अख्खा दिवस एसटीत आणि खिडकीपुढे जातो. रोजंदारी करून शिकणाऱ्याची त्या दिवसाची मजुरीही बुडते.

सगळे ऑनलाइन झाले आहे, असे यावर सांगितले जाईल. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पण अडकलेला अर्ज सोडवायला आणि खचलेल्या मुलाचे ऐकायला माणूसच लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल दिला, तरी तक्रार लिहायची कशी, हे कुणीतरी सांगावे लागतेच. तालुकागणिक कार्यालय परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एकच फिरते पथक नेमावे: निर्णयाचे अधिकार असलेला अधिकारी, समुपदेशक आणि शिष्यवृत्तीचा जाणकार. हदगाव, हिमायतनगर, किनवट येथे महिन्यातून एक ठरलेला वार त्यांनी द्यावा. लातूरला उपपरिसर काढणाऱ्या विद्यापीठाला हे जड जाऊ नये.