संगमावरची प्रश्नावली

नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपूरला, क्षेत्रकार्यासाठी जाणारा पदव्युत्तर विद्यार्थी सोबत काय नेतो? बहुधा ‘होय/नाही’ची प्रश्नावली. आणि तिलाच गुणात्मक संशोधन म्हणतो! २०२३पासून राज्यातील पदव्युत्तर वर्गांना संशोधनपद्धती सक्तीची झाली. पण गुणात्मक आणि संख्यात्मक यांतील फरकाचे मुद्दे पाठ झाले की पद्धत ‘आली’, या समजुतीला आमचा स्पष्ट आक्षेप आहे.

हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गावोगावच्या बायांपाशी बसून. ओवी कोणाची, कोणत्या गावची, ही नोंद नसती तर उरली असती ती नुसती शब्दांची रास. ॲन फेल्डहाउस यांच्या ‘वॉटर अँड वुमनहुड’मध्येही (१९९५) महाराष्ट्रातील नद्यांचे स्त्रीरूप लोकांच्या कथांतून आणि विधींतून उलगडते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. कथनातली गाळलेली जागा वाचणे, हेच तर त्याचे शिक्षण! मग कुळाचारासाठी नरसिंहाला आलेल्या वृद्धेला तो ‘सोयींबाबत आपण समाधानी आहात काय?’ एवढेच का विचारतो? कारण विभागाला टक्केवारीचा तक्ता हवा असतो, आणि तिच्या बोलण्याची चाळीस पाने वाचायला परीक्षकाला सवड नसते.