‘सेम’ म्हणण्याआधी

केनवडहून पुण्याला नोकरीला गेलेला आमच्या ओळखीचा एक पोरगा. पहिला पगार झाला, ऑफिसची मंडळी त्याला मायक्रोब्रुअरीत घेऊन गेली. मेन्यूकार्डावर पेल एल, आयपीए, हेझी असलं काय काय. कळेना काहीच, विचारायची लाज. शेवटी म्हणाला, ‘‘सेम.’’

तर दोस्तांनो, भानगड एवढीच आहे. पेल एल म्हणजे फिक्या माल्टची बिअर. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेली बार्ली. इंग्लंडात लाकडाऐवजी कोकवर सुकवू लागले, तसा धूर गेला आणि रंग फिका झाला. हॉप्स ही वेलीची फुलं. सुरुवातीला टाकून तासभर उकळली की कडूपणा येतो, शेवटी टाकली की वास राहतो. आपल्या गवती चहाचंही तेच; फार उकळला की सुगंध उडालाच समजा.

इंग्लिश पेल एल बिस्किटासारखी, सौम्य. अमेरिकन पेल एलला संत्र्या-मोसंबीच्या सालीचा वास. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडानं १९८० पासून ती गाजवली. आयपीएत हॉप्स जास्त, बहुतेकदा अल्कोहोलही जास्त. हेझी म्हणजे गढूळ आयपीए. वास आंब्यासारखा, कडूपणा कमी. ही व्हरमाँटकडची.

आयपीएतला ‘आय’ मात्र आपला, म्हणजे इंडिया! समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधली, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. ते काही खरं वाटत नाही. गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही त्याच वाटेनं यायची आणि चांगली यायची. लंडनच्या हॉजसननं हा धंदा जमवला, १८२० च्या दशकात बर्टनचा ऑलसॉप त्यात उतरला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, त्यानं कडूपणा खुलतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’चं नावही नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलेल्या इंग्रजी शब्दाचं, अर्थ ‘डोकं फिरलेला’!

हे इथं कशाला छापता, असं कोणी म्हणेलच. दारूनं बसलेली घरं आपण गल्लोगल्ली बघतो. कायद्यानं सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं. वाचणाऱ्यांतले बरेच जण त्यात बसतही नाहीत. पण माहिती असणं वेगळं अन् पिणं वेगळं. त्या टेबलावर ‘मला लिंबू सोडा’ म्हणता आलं असतं, पण लाजेपोटी नको असलेला ग्लास पोटात गेला.

पुढे त्यानं बाकीच्या तिघांना फरक विचारला. त्यांनाही माहीत नव्हता. पहिल्याचं ऐकून तेही ‘सेम’च म्हणाले होते.