बंदुकीचा गंज आणि भाजलेला लेप

ज्वारी हुरड्यात आली, की बालाघाटाच्या डोंगररांगेलगतच्या जामखेड तालुक्यात रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करून जातो. अशा वेळी ज्या थोड्या घरांत रीतसर परवान्याची बंदूक आहे, तेथे ती बाहेर काढली जाते. आणि पुष्कळदा असे आढळते, की वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेल्या बंदुकीची नळी तांबूस गंजाने भरून गेली आहे. मग हल्ली मिळणाऱ्या, भाजून पक्का करावयाच्या लेपाकडे धन्याचे लक्ष जाते. हा लेप उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु परीक्षेवाचून दिलेला लेप गंजाहूनही घातक ठरतो, ही गोष्ट प्रत्येक परवानाधारकाने ध्यानी घेतली पाहिजे.

लेपाचे तत्त्व शेतकऱ्याच्या घरात नवे नाही. नवा बिडाचा तवा तेल लावून चुलीवर वारंवार तापविला, की त्यावर काळा, गुळगुळीत थर बसतो. तापलेले तेल घट्ट होऊन लोखंडाला चिकटते आणि हवा व पाणी यांस आत शिरू देत नाही. बंदुकीचा लेपही असाच, मात्र तो राळेसारख्या कृत्रिम द्रव्याचा असतो व सामान्यतः १५० अंश सेल्सिअसच्या आसपास, सुमारे एक ते दोन तास भाजून पक्का करतात. तत्पूर्वी धातूवरील तेल व गंज पूर्णपणे काढावा लागतो. कित्येकदा स्फुरदयुक्त आम्लाची प्रक्रियाही करतात. खताच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या परिचयाचे असलेले स्फुरद येथेही कामी येते. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर टिकला, त्याचे एक प्रमुख कारण त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे बनलेला संरक्षक थर हेच होय.

तथापि लेपाची जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास असते. तो लोखंडाचे रक्षण करतो. खाल्ले गेलेले लोखंड परत देत नाही. गंज म्हणजे केवळ डाग नव्हे, तर नळीच्या भिंतीची झालेली झीज होय. बार उडतो तेव्हा वायूचा सर्व दाब त्याच भिंतीला सोसावा लागतो. आतून खड्डे पडलेली नळी फुटली, तर धन्याचा हात वा डोळा जाण्यास क्षणही लागत नाही. गंजलेली बंदूक निदान पाहणाऱ्यास सावध करते. काळी कुळकुळीत झालेली सदोष बंदूक मात्र फसविते. म्हणून प्रथम नळीची आतून तपासणी व नंतरच लेप, हा क्रम कधीही उलटू नये. नळी निकामी ठरल्यास लेपावर पैसा न घालता ती बंदूक नियमानुसार जमा करणे हेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. विळा, कुऱ्हाड, पास यांना धार लावणारा गावचा लोहार आपल्या कामात निष्णात असतो. मग जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतची खेप कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोळशाच्या भट्टीचा ताप १५० अंशांवर आवरत नाही. पुष्कळ जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्यांमधील पट्टी शिसे व कथील यांच्या डाकाने जोडलेली असते आणि असा डाक १८३ अंशांपासून वितळू लागतो. भट्टीत कमानींचे पाणीही उतरते. ठासणीच्या बंदुकीत तर जुना बार तसाच राहिलेला असू शकतो व तो बाहेरून दिसत नाही. अशी बंदूक विस्तवाजवळ नेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय.

कायदाही हेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यास परवाना लागतो. विनापरवाना कारागिराकडे ते काम देता येत नाही. तसेच बंदुकीवर कोरलेला क्रमांक वा खूण पुसणे हा गुन्हा आहे. गंज काढताना काचकागदाच्या चार जादा फेऱ्यांनी क्रमांक नाहीसा झाला, तर धन्याचा हेतू शुद्ध असूनही त्याच्यावर खुलासा करण्याची पाळी येते. सबब काम देण्यापूर्वी क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा व परत घेतानाही पाहावा.

यापुढील काळजी मात्र धन्याच्याच हाती आहे. ठासणीच्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून घेते. म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तिला पातळ तेलाचा हात द्यावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, की गंजण्याचा वेग वाढतो. यासाठी पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बंदूक पुसावी. ती कापडात वा चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नये. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करावयाची झाल्यास आधी तेल लावूनच जमा करावी. लाकडी दस्त्यास जवसाचे तेल पुरते.

शेवटी, बंदूक निर्दोष असली तरी तिचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली काळवीट तर पूर्णतः संरक्षित आहेच, पण रानडुक्करही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. बंदुकीच्या आधी कुंपण, राखण आणि नुकसानभरपाईचा वेळेवर केलेला अर्ज यांचा आश्रय घ्यावा. पीक एका हंगामाचे असते. राखणदाराचे हात व डोळे जन्माचे असतात. त्यांचे मोल लेपाच्या चकाकीने ठरवू नये.