विश्लेषण : ग्रिट्स, गम्बो, कॉर्नब्रेड... अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘घरच्या चवी’मागे हात कुणाचे?

इंजिनीअरिंगचा माझा रूममेट आता अटलांटात असतो. मागच्या महिन्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. वाडग्यात पांढरट, घट्टसर काहीतरी आणि मधोमध लोण्याचा गोळा. खाली मेसेज : ‘ओळख.’ मी लिहिलं, ‘कण्या.’ त्याचं उत्तर आलं, ‘इकडे ग्रिट्स म्हणतात. पण बरोबर ओळखलंस.’

माझी आजी ज्वारीच्या कण्या शिजवायची. वर ताक, बाजूला लसणाची चटणी. पाहुणे आले की मात्र कण्या नसायच्या, कारण ते गरिबाघरचं खाणं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. त्याही एकेकाळी गरिबाचंच पोट भरायच्या. आज त्या जॉर्जिया राज्याचा अधिकृत पदार्थ आहेत. 2002 मध्ये तसा कायदाच झाला. चार्ल्स्टनच्या महागड्या हॉटेलांत त्या कोळंबी घालून मिळतात.

रील्सवर ‘सदर्न कम्फर्ट फूड’ शोधलं की हेच दिसतं. लोखंडी तवा, लोणी, तळलेलं चिकन आणि ‘आजीची रेसिपी’ असं कॅप्शन. बघताना भूक लागते, हे प्रामाणिकपणे सांगतो. प्रश्न एवढाच की आजी कुणाची? आणि आजीच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी प्रत्यक्ष कोण उभं होतं?

भेंडी तिकडे कशी पोहोचली?

‘सदर्न’ म्हणजे अमेरिकेच्या आग्नेयेकडची राज्यं. व्हर्जिनिया, कॅरोलायना, जॉर्जियापासून अलाबामा, मिसिसिपी, लुईझियानापर्यंत. कापूस, तंबाखू आणि भाताच्या मळ्यांचा प्रदेश. हे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे होते.

आता तिथलं ताट बघा. मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. ग्रिट्सही त्यांच्याकडूनच आल्या. डुक्कर आणि गव्हाच्या पिठाची बिस्किटं युरोपातून आलेल्यांची. (ही बिस्किटं म्हणजे आपली चहात बुडवायची नव्हेत, मऊ गरम पाव समजा.) पण भेंडी आफ्रिकेची. चवळीही आफ्रिकेची. ‘ओक्रा’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आला. लुईझियानाचा प्रसिद्ध दाट रस्सा ‘गम्बो’ याचं नावही मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून पडलं, असं मानतात. आपण भेंडीचा चिकटपणा घालवायला चिंच-कोकम टाकतो, ते त्याच चिकटपणाने रस्सा दाट करतात.

दक्षिण कॅरोलायना श्रीमंत झालं ते तांदळावर. त्या दलदलीत राबणाऱ्यांमध्ये पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेली माणसं होती. त्यांचा घाम घेतला तसं त्यांचं ज्ञानही फुकटच घेतलं गेलं. नववर्षाच्या दिवशी तिथे चवळी-भात खातात, त्याला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. चवळी म्हणजे नाणी आणि सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा, वर्षभर बरकत राहावी म्हणून. ज्यांच्या पूर्वजांची स्वतःचीच खरेदी-विक्री झाली, त्यांच्या ताटातून हा शकुन आला.

भुईमुगाचा प्रवास तर गोल आहे. मूळ दक्षिण अमेरिकेचा, तिथून आफ्रिकेत गेला आणि गुलामांच्या जहाजांबरोबर उत्तर अमेरिकेत आला. तिथे रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात. हुबेहूब आपल्याकडे पावसाळ्यात मिळतात तशा. रूममेटला सगळ्यात जास्त आनंद या शेंगांचा झाला होता.

भाकरी बुडवायची की कुस्करायची?

तिथली आवडती पालेभाजी ‘कॉलर्ड’. कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी, जाड पानांची. ती धुरावलेल्या डुकराच्या हाडासोबत तासन्‌तास शिजते आणि तळाशी जे पाणी उरतं त्याला ‘पॉटलिकर’ म्हणतात. भाजी मालकाच्या टेबलावर आणि पाणी गुलामांच्या वाट्याला, असं सांगतात. सत्त्व अर्थात पाण्यात. आपल्याकडे पुरण नैवेद्याला आणि डाळीचा कट आमटीला, तसंच काहीसं. फरक इतकाच की आपल्याकडे आमटीही त्याच पंगतीत वाढतात.

पुढे हे पाणी एवढं प्रतिष्ठित झालं की 1931 मध्ये त्यावरून वर्तमानपत्री वाद पेटला. लुईझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग म्हणाले, मक्याची भाकरी पॉटलिकरमध्ये बुडवून खावी. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाचं मत पडलं, कुस्करून खावी. महामंदीच्या दिवसांत लोक यावर हिरिरीने पत्रं लिहीत होते. डिजिटल डेस्कवर बसणारा माणूस म्हणून सांगतो, आजही हा विषय टाकला तर कमेंट्सचा पाऊस पडेल. (मी कुस्करणाऱ्यांतला. मटणाच्या रश्श्यात भाकरी बुडवून खाणाऱ्यांविषयी काही बोलत नाही.)

पण त्या गाजलेल्या वादात ते पाणी मुळात कुणाच्या वाट्याचं होतं, हा मुद्दा नव्हता.

‘आंट’ म्हणजे मावशी?

1889 मध्ये अमेरिकेत पॅनकेकचं तयार पीठ बाजारात आलं. नाव ‘आंट जमायमा’. पाकिटावर डोक्याला रुमाल बांधलेली, हसरी काळी स्वयंपाकीण. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन यांनी ही भूमिका करून लोकांना पॅनकेक करून दाखवले. नॅन्सी स्वतः केंटकीत गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. 1923 मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या कबरीवर नावाचा दगड लागायला 2020 साल उजाडलं.

त्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर कंपनीने हे नाव आणि चित्र काढून टाकायचं जाहीर केलं. 2021 मध्ये पीठ ‘पर्ल मिलिंग कंपनी’ या नावाने विकायला आलं. निर्णयाचं स्वागत झालं, पण ही भूमिका पुढे केलेल्या काही स्त्रियांच्या कुटुंबीयांनी विरोध केला. आमच्या आजीची कमाई आणि आठवणही पुसताय, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजू पटतात आणि हे सोयीचं उत्तर नाही, हेही कळतं. खोटं चित्र काढलं ते बरंच झालं. पण त्या जागी खरं नाव आलं नाही, गिरणीचं नाव आलं.

इथे एक शब्द अडतो. दक्षिणेतले गोरे लोक वयस्कर काळ्या स्त्रीला ‘आंट’ म्हणायचे, कारण ‘मिसेस’ म्हणायचं नसायचं. मान द्यायचा नाही म्हणून नातं जोडायचं.

खरी नावं सापडतात, शोधली तर. ॲबी फिशर गुलामीत जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी 1881 मध्ये त्यांनी तोंडी सांगून दक्षिणी स्वयंपाकाचं पुस्तक छापून घेतलं. एडना लुईस व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या वस्तीत वाढल्या. ती मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेली होती आणि त्यांत त्यांचे आजोबा होते. 1976 च्या त्यांच्या ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’मध्ये पाककृती ऋतूंप्रमाणे येतात आणि प्रत्येकीमागे वस्तीतली माणसं दिसतात. ‘आजीची रेसिपी’ म्हणायचा हक्क असेल तर तो असा.

माझ्या आवडीची गोष्ट मात्र जॉर्जिया गिलमोर यांची. रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर 1955 मध्ये माँटगोमेरीत काळ्या नागरिकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. तो 381 दिवस चालला. रोज हजारो लोकांना कामावर पोहोचवायला गाड्या हव्यात, पेट्रोल हवं. गिलमोर एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. आंदोलनात उतरल्यावर ती नोकरी गेली. मग त्या घरीच रांधू लागल्या. तळलेलं चिकन, सँडविच, केक. त्यांच्यासोबतच्या बायकांनीही पदार्थ केले, विकले आणि पैसे आंदोलनाला दिले. गटाचं नाव ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले विचारलं तर खरं उत्तर देता यावं : कुठूनच नाही. बायकांच्या नोकऱ्या गोऱ्यांच्या घरात होत्या, नाव फुटलं असतं तर चूल विझली असती. इथे नाव लपवणं हीच त्यांची ताकद होती.

आपला काय संबंध?

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. म्हणजे संबंध दीडशे वर्षं जुना आहे. स्वयंपाकघरापर्यंत तो उशिरा पोहोचला. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं 2015 मध्ये. मराठवाड्यातल्या दलितांच्या घरांत काय शिजायचं, काय टाकून दिलेलं वाट्याला यायचं, हे त्यात पाककृतींसकट आहे. आपल्या ‘पारंपरिक महाराष्ट्रीय थाळी’त त्यातलं काय दिसतं, तुम्हीच सांगा.

अमेरिकेतला आणि इथला इतिहास एक नाही. आपली ‘मावशी’ही तिथल्या ‘आंट’सारखी नाही, आपण मायेने म्हणतो, असं मला वाटत होतं. मग कॉलेजची मेस आठवली. चार वर्षं एका बाईंच्या हातचं जेवलो. आजारी पडलो तेव्हा त्यांनी वेगळी मऊ खिचडी करून दिली. त्यांना आम्ही काकू म्हणायचो.

रूममेटला विचारलं, ‘मेसच्या काकूंचं नाव काय होतं रे?’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘ग्रुपवर पण टाकून बघितलं. कुणालाच माहीत नाही.’

आणि थोड्या वेळाने : ‘शुक्रवारी चवळीची उसळ असायची, एवढं सगळ्यांना आठवतंय.’