घरच्या तबकड्यांची प्रत: आधी पूर्ण, मग लहान

डीव्हीडी या नावाने ओळखली जाणारी तबकडी १९९६ साली जपानच्या बाजारात प्रथम आली आणि पुढील दहा-बारा वर्षांत तिने आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून व्हिडिओ कॅसेटला हुसकून लावले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या डीव्हीडी अवघ्या ३४ रुपयांना विकावयास आरंभ केला, तेव्हा तर पुस्तकांच्या कपाटात तबकड्यांसाठी निराळा खण करावा लागला. त्या कंपनीचे २०१८ साली दिवाळे वाजले. अमेरिकेत पंचवीस वर्षे टपालाने डीव्हीडी घरपोच करणाऱ्या नेटफ्लिक्सने तो व्यवहार सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची खाच बहुधा नसतेच. तबकड्या मात्र घरोघर तशाच पडून आहेत.

यांतील चित्रपटांच्या छापील तबकड्यांची चिंता तूर्त बाजूला ठेवता येईल. खरी चिंता आहे ती पांढऱ्या तबकडीवर काळ्या मार्करने नाव लिहिलेल्या ऐवजाची. धाकट्या बहिणीचे लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन, नाट्यस्पर्धेतील प्रयोग, वडिलांच्या निवृत्तीचा समारंभ यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. ज्याने चित्रीकरण केले त्या छायाचित्रकाराने आपल्याकडील मूळ फीत केव्हाच पुसून पुन्हा वापरली. कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहिती ठशाने उमटवलेली असते; घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या तबकडीत ती सेंद्रिय रंगाच्या पातळ थरावर लेसरने नोंदलेली असते. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी कालांतराने विटतो. कोकणातील किंवा मुंबईतील चार पावसाळ्यांनी त्याचे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

अशा वेळी प्रश्न विचारला जातो तो असा: प्रत काढून ती लहान करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात दोन भिन्न कामांची गल्लत आहे. प्रत काढणे हे एक काम आणि ती आकुंचित करणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच बटणावर येऊन बसली, याला कारण इतिहास आहे. बाजारात मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीला पुष्कळदा दोन थर असत आणि तिच्यात ८.५ गिगाबाइट माहिती मावे. कोऱ्या स्वस्त तबकडीला एकच थर आणि तिची धारणशक्ती ४.७ गिगाबाइट. पायलीचे धान्य अर्ध्या पायलीच्या मापात बसवण्याचा हा खटाटोप होता. तो ‘डीव्हीडी श्रिंक’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने इतक्या सफाईने केला की, त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. ते चित्र नव्याने संकेतबद्ध करीत नसे. आहे त्याच संकेतांतील बारकावे कमी करून ते जागा वाचवीत असे. म्हणूनच त्या काळच्या मंद संगणकांवरही ते झपाट्याने चाले.

या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००४ सालची आहे. तेव्हाची अडचण आज उरलेली नाही. एक टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कवर एकथरी तबकड्या, काडीमात्र आकुंचन न करता, दोनशेहून अधिक मावतात. असे असूनही सल्ला देणारे अजून वीस वर्षांपूर्वीचाच सल्ला देतात, आणि घेणारे आपल्या लग्नाची एकमेव चित्रफीत निष्कारण आटवून बसतात.

आकुंचनात जे जाते ते परत येत नाही, ही गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. डीव्हीडीवरील चित्र मुळातच एमपेग-२ या पद्धतीने आटवलेले असते; त्यावर दुसऱ्यांदा संस्कार करणे म्हणजे नकलेची नक्कल करणे होय. नाटकाचे किंवा नृत्याचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडील व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रे नसून पन्नास अर्धचित्रे असतात, एकाआड एक ओळींची. नेहमीच्या मांडणीवर ठेवलेले आकुंचनाचे सॉफ्टवेअर या पन्नासांतून पंचवीस चित्रे तयार करते. सभागृहातील भाषणाला त्याने बाध येत नाही. पण कथक नर्तिकेची गिरकी किंवा तबलजीची बोटे मूळ तबकडीवर जितकी सलग दिसतात तितकी त्या प्रतीत दिसत नाहीत. पन्नासही चित्रे राखण्याची सोय चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते, परंतु ती शोधावी लागते. सर्वच अर्धचित्रे तशीच ठेवणारी पूर्ण प्रत हाती असेल, तर ही चूक उद्या सुधारता येते. नसेल तर नाही.

तेव्हा पहिली निवड करावयाची ती पूर्ण प्रतीसाठी, आणि ती फारशी अवघड नाही. घरच्या तबकडीला कुलूप नसते. तिची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, करून देणारी साधने फुकट मिळतात. त्यासाठी दमडी मोजण्याचे कारण नाही. तबकडीवर ओरखडे असतील तर मात्र ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन अभ्यासण्यासारखे आहे. सामान्य सॉफ्टवेअर वाईट जागी अडखळते आणि काम सोडून देते. हे साधन वाचता येईल तेवढे आधी वाचून घेते, अडलेल्या जागांची टिपणी ठेवते आणि मागाहून त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले भाग भरून काढता येतात. त्याचा पेहराव रुक्ष आहे, आज्ञा टंकून द्याव्या लागतात. पण जुन्या तबकड्यांच्या बाबतीत इतके प्रामाणिक साधन दुसरे नाही.

छापील चित्रपटांच्या तबकड्यांना कुलूप असते आणि तेथे कायद्याचा प्रश्न येतो. हे कुलूप उघडणाऱ्या १९९९ सालच्या आज्ञावलीच्या प्रकरणात नॉर्वेच्या योन लेक योहान्सेन या तरुणावर खटला झाला. २००३ मध्ये दोन न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरवले. अमेरिकेत उलट घडले: प्रती काढण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ‘३२१ स्टुडिओज’ला २००४ साली न्यायालयाने मनाई केली आणि त्याच वर्षी ती कंपनी बंद पडली. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीस मुभा दिली, ती पुढल्याच वर्षी न्यायालयात रद्द झाली. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा २०१२ साली दुरुस्त झाला. त्यातील कलम ५२ खासगी वापरासाठीचा रास्त व्यवहार मान्य करते. कलम ६५-अ कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास. विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःपुरती प्रत ठेवणाऱ्या शिक्षकाला या शब्दांत आधार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तीच प्रत मित्रमंडळींत वाटणाऱ्याला तो मुळीच नाही.

जाता जाता एक विसंगती नोंदवली पाहिजे. याच कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली. परंतु अट अशी की, ग्रंथालयापाशी असलेली मूळ प्रत ‘अ-डिजिटल’ असावी. म्हणजे कॅसेट वाचवता येईल, तबकडी नाही. गावोगावच्या वाचनालयांनी जमवलेल्या नाटकांच्या आणि संगीताच्या तबकड्यांवर या एका शब्दामुळे अन्याय होतो. संसदेने तो शब्द काढून टाकावा.

पूर्ण प्रत सुरक्षित झाल्यावर आकुंचनाचा विचार खुशाल करावा. भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी किंवा परगावच्या नातेवाइकांस धाडण्यासाठी लहान प्रत सोयीची असते. २००३ पासून विकसित होत आलेले ‘हँडब्रेक’ हे मुक्त सॉफ्टवेअर या कामी पुरेसे आहे. ते एच-२६४ ही नवी संकेतपद्धती वापरते, आणि दोन तासांची तबकडी बहुधा दीड-दोन गिगाबाइटांत आणते. गुणवत्तेचा आकडा डीव्हीडीसाठी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले. चित्राची लांबी-रुंदी वाढवण्याच्या मोहात पडू नये, मुळात नसलेला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर निर्माण करीत नाही. उपशीर्षके हवी असतील तर एमकेव्ही हा साचा निवडावा. डीव्हीडीवरील उपशीर्षके ही अक्षरे नसून चित्रे असतात. एमकेव्हीत ती वेगळी राहतात आणि हवी तेव्हा बंद करता येतात.

आणि ती विकतची, ‘एका टिचकीत सर्व काही’ म्हणणारी सॉफ्टवेअरे? त्यांतील काही चांगली असतीलही. परंतु पैसे देण्यापूर्वी एवढे पाहावे की, तिच्यातून निघालेली फाइल व्हीएलसीसारख्या दुसऱ्या, मुक्त साधनात उघडते की नाही. जी प्रत केवळ त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती त्या कंपनीइतकीच जगणार. चाचणीसाठी म्हणून फुकट देतात आणि पहिल्या काही मिनिटांनंतर थांबतात, अशांच्या नादी लागण्यात संध्याकाळ जाते.

एक तबकडी वाचावयास अर्धा तास धरला तरी पन्नास तबकड्यांचे काम एका उन्हाळी सुट्टीत आरामात होते. यूएसबीने जोडावयाचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. तो आताच घेऊन ठेवावा. प्रती दोन कराव्यात आणि दुसरी हार्ड डिस्क भावाच्या किंवा मुलीच्या घरी ठेवावी. सुरुवात मात्र हाताने नाव लिहिलेल्या तबकड्यांपासून करावी, आणि त्यांतही जी सर्वांत जुनी असेल तिच्यापासून.