दाद कोणाकडे मागायची?

नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचे प्राण गेले. तो दिवस सोसलेले हे शहर गर्दीवर नजर नको, असे कधीच म्हणणार नाही. २०२७ च्या सिंहस्थात कॅमेरे हवेतच. मात्र गर्दी मोजणारा कॅमेरा चेहराही टिपतो. पर्वणी उलटल्यावर त्या चित्रणाचे काय होणार, ते कोण पाहणार आणि भलत्याच माणसावर संशयिताचा शिक्का बसला तर त्याने कोणाचे दार ठोठावायचे, हे आधीच लेखी ठरले पाहिजे.

युरोपात भांडण याच मुद्द्यावर झाले. आपली फेसबुकवरील माहिती अमेरिकेत जाते आणि तिथल्या गुप्तचरांच्या हाती लागू शकते, अशी तक्रार ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्स यांनी २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये केली. त्यातून युरोपीय न्यायालयाने २०१५ आणि २०२० अशी दोनदा माहिती पाठवण्याची व्यवस्था मोडीत काढली. दुसऱ्या निकालात अमेरिकी तक्रार अधिकारी सरकारपासून पुरेसा स्वतंत्र नाही आणि त्याचा शब्द गुप्तचर यंत्रणांवर बंधनकारक नाही, हे न्यायालयाला खटकले. २०२३ ची तिसरी व्यवस्था सप्टेंबर २०२५ मध्ये खालच्या न्यायालयात तूर्त टिकली आहे.

आपल्याकडे तर तेवढाही अधिकारी नाही. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबईच्या उद्योजकाचे फोन ऐकण्याचे केंद्रीय गृह खात्याचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. खटला उभा राहिला म्हणून हे न्यायालयापर्यंत गेले. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेल्याचा पत्ताही लागत नाही. राज्यात आदेश गृहसचिव काढतात आणि तो तपासते मुख्य सचिवांची समिती. न्यायाधीश त्यात कुठेच नाही. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने तर केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून वगळण्याची मुभा दिली. मूळ मसुदा देणारे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी अशा सवलतीवर २०१९ मध्येच कडाडून टीका केली होती. ती कानाआड झाली, याचा आम्हाला खेद वाटतो.

दिल्लीचा कायदा बदलेपर्यंत नाशिकने थांबण्याचे कारण नाही. चित्रण किती दिवस ठेवणार आणि चेहरे ओळखण्याचे तंत्र कुठे वापरणार, हे कुंभमेळा प्रशासनाने पहिल्या पर्वणीआधी मराठीत जाहीर करावे. तक्रारी ऐकायला निवृत्त न्यायाधीश नेमावेत आणि त्यांचा आदेश पोलिसांवर बंधनकारक असावा.