पोरीचं इन्सुलिन लपवायचं कशाला?

परवा अंबडला एका लग्नाला गेले होते. मुहूर्त टळून गेला तरी वरात काही मांडवात येईना. आचाऱ्याच्या मागच्या बाजूला ओळखीची एक आई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घाईघाईने साखर भरवत होती. पोर घामाने भिजलेली, हात थरथरत होते. वेळेवर जेवण होईल या हिशोबाने तिने इन्सुलिन टोचून घेतलं आणि पंगत लांबली. "अगं, आधी ताट मागून घ्यायचं ना!" मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "ताई, लोक विचारतील, हिलाच का आधी? उद्या हिचं लग्न जमवायचंय."

मैत्रिणींनो, मला राग आला आणि रडूही. लग्न दहा वर्षांनंतरचं, आणि जीव आजचा!

लहान मुलांचा हा मधुमेह, ज्याला टाइप वन म्हणतात, गोड खाल्ल्याने होत नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. यात ना आईची चूक, ना कुणाची करणी. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगतच नसत. म्हणून कुणी झाडपाल्याचं औषध दिलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाही, एक दिवसही नाही.

आता घरचं. "पोरीला मोजून भाकरी देते, कसली आई!" हे सासूबाईंचं वाक्य किती जणींनी ऐकलं असेल! पण भाकरीनेही साखर वाढते, म्हणून डोस आणि भाकरीचा मेळ घालावाच लागतो. उपाशी मात्र ठेवायचं नाही, नवरात्रातसुद्धा. आणि हा हिशोब एकट्या आईनेच का ठेवायचा? बापालाही सुई धरता आली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली की इन्सुलिनची काळजी. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डबीत घालून, पाणी आत जाणार नाही अशी मातीच्या माठात ठेवा. बर्फात किंवा फ्रीजरमध्ये कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

शाळेत तर लपवूच नका. साखर सत्तरच्या खाली गेली की तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा, हे वर्गशिक्षकांना माहीत हवं. नाहीतर पेंगणारी पोर त्यांना आळशीच वाटणार. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सांगितलंय की, अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, खाऊ द्यावं. मुख्याध्यापकांना हे सांगायला संकोच कसला?

छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था अशाच मुलांसाठी काम करते. जालन्याहून ते काही लांब नाही. तिथे आपल्यासारखं दुसरं घर भेटतं, हेही औषधच.

राहिला लग्नाचा प्रश्न. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही; सांगितल्यावर काही स्थळं परत जातील. पण न सांगता दिलेली पोर सासरी गेल्यावर इन्सुलिन ठेवणार कुठे आणि टोचणार कुठल्या दाराआड?